गिरणगावातल्या पोरांना काम नको झालंय?

शिवडीनाका:
काल इथे एकाने लिहिलं, "सरकार घरबसल्या पैसे देतंय, तरी लालबाग-परळची पोरं नाक्यावरच." घरबसल्या कुठून? राज्याच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला महिना 6,000, आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000. तेही आस्थापनेने हजेरी भरली तरच. महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव घातलं, आधार बँक खात्याला जोडलं, पुढे? जागाच दिसत नाही. कारखान्याला एकूण माणसांच्या 10 टक्केच प्रशिक्षणार्थी घेता येतात, सेवाक्षेत्रात 20 टक्के. आठ माणसांच्या वर्कशॉपचे 10 टक्के काढून दाखवा.

हिशेबनीस:
आठाचा हिशेब मान्य. पण त्याच वर्कशॉपला शिकाऊ उमेदवार घेता येतो, चार माणसं असली तरी पुरे. तीस किंवा जास्त असली की 2.5 ते 15 टक्के घेणं बंधनकारकच. नॅप्स या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेतून केंद्र विद्यावेतनाचे 25 टक्के देतं, महिन्याला जास्तीत जास्त 1,500. अडतं ते इथे: मालक शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर करार करत नाही. मग पोरगा दोन वर्षं लेथवर उभा राहिला तरी कागदावर हेल्परच. करार असेल तर परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. योजनांना शिव्या घालण्याआधी तो करार मागायला शिका.

भारतमातास्टॉप:
करार मागायचा कुणाकडे? लेथ गेले, शेड गेल्या. मुंबईच्या जुन्या विकास नियमावलीतल्या, गिरणीच्या जमिनींच्या नियम 58 बद्दल एकजण बोलत नाही! 1991 ला गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: पालिका, म्हाडा, मालक. 2001 ला वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली, शेडखालची वगळली. 2006 ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. त्याच नियमात रोजगाराचं कलम आहे, वाचा. मालकाने गिरणी हलवली किंवा दुसरा उद्योग काढला तर कामगाराला किंवा घरातल्या एकाला प्राधान्याने नोकरी, आणि भरतीआधी प्रशिक्षणही मालकानेच पुरं करायचं. अट अशी, कामगार 1 जानेवारी 2000 ला कामावर हवा. 1982 च्या संपानंतर ज्यांना परत घेतलंच नाही, ते सरळ बाद. घरासाठी 1 जानेवारी 1982 धरता, नोकरीसाठी 2000 का?

हिशेबनीस:
विषय बेरोजगारीचा आहे, जमिनीचा नाही.

भारतमातास्टॉप:
जमीन गेली म्हणूनच बेरोजगारी आली! आणि 'दुसरा उद्योग' मालकाने स्वतः काढला तरच हे कलम लागतं. जमीन विकून टॉवर उभा राहिला की तिथली हाउसकीपिंग, सिक्युरिटी, सगळं ठेकेदाराकडे. ठेकेदाराला कुठलं कलम?

हिशेबनीस:
दोन तारखांचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण त्या कामगाराचा नातू आज बावीस वर्षांचा आहे. त्याने जुन्या नियमाची वाट बघत बसायचं का? मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेतून स्वतःचा धंदा काढू दे. शहरात 15 टक्के अनुदान, महिला आणि राखीव गटांना 25.

शिवडीनाका:
ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकतं, हेही सांगा. त्याच्या आधीच फाईल परत येते ती जागेवरून. खोली पागडीची, भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर, घरमालक ना-हरकत देत नाही. बँकेला नोंदणीकृत भाडेकरार हवा असतो. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी पहिलं पावतीवर नाव चढवून घ्या. मोजकीच माणसं असतील तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, ऑनलाइन नुसत्या सूचनेवर होते, ती लगेच करा. प्रकल्प अहवालाला पैसे त्यानंतरच घाला.