शब्दचर्चा : घोड्याला ‘अजिंक्यपद’ मिळते, की तो ‘मानकरी’ ठरतो?

अक्षरओळ

अमेरिकेतल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांच्या, शर्यतींवर एक दीर्घ लेख लिहिते आहे. विषय आहे वर्ष संपल्यावर दिले जाणारे एक्लिप्स पुरस्कार. तिथे वय, लिंग, ट्रॅक आणि अंतर यांप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटाचा एक ‘चॅम्पियन’ जाहीर करतात आणि सगळ्यांच्या वर एक ‘हॉर्स ऑफ द इयर’. या चॅम्पियनला मराठीत काय म्हणायचे? ‘अजिंक्यपद’ लिहिले, तर पुढच्याच वाक्यात त्या घोड्याचे त्याच वर्षातले दोन पराभव सांगावे लागतात. ‘विजेतेपद’ म्हणावे, तर अशी कुठली अंतिम शर्यत झालेली नसते. ‘किताब’, ‘बहुमान’, ‘मान’ यांतले काय बसेल? आणि क्रियापद कोणते घ्यावे: पटकावला, जिंकला, मिळाला, की निवड झाली?

व्युत्पत्ती_आवडे

आधी ‘अजिंक्य’. ज्याला जिंकताच येणार नाही तो अजिंक्य. यात पुढच्या काळाचाही दावा आहे. ‘अपराजित’ मात्र फक्त झालेल्या गोष्टीची नोंद करतो: आजवर हरलेला नाही, एवढेच. तुमच्या लेखात हे दोन शब्द वेगळे ठेवा. खेळांच्या बातम्यांत ‘अजिंक्यपद’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ कुणाच्या मनात येत नाही, हे खरे. पण तो रुळला आहे तो ‘अजिंक्यपद स्पर्धा’ या जोडीत. म्हणजे स्पर्धा झाली, शेवटची लढत झाली, जो उरला त्याचे ते पद.

‘किताब’ दोन्हीकडे चालतो. दरबारातून मिळणारा तो किताब आणि कुस्तीच्या आखाड्यात मिळवायचा ‘केसरी’ तोही किताबच. त्यामुळे नाम कुठलेही घेतलेत तरी खरा निर्णय तुमचे क्रियापदच करणार आहे.

टापांचा_नाद

व्युत्पत्तीताईंशी सहमत. पण क्रियापद ठरवायचे तर हा मान ठरतो कसा, ते आधी पाहायला हवे.

१९७१ पूर्वी अमेरिकेत असा एकच मान नव्हता. ‘डेली रेसिंग फॉर्म’ हे शर्यतींना वाहिलेले दैनिक आपली यादी काढायचे आणि रेसकोर्स चालवणाऱ्यांची ‘थरोब्रेड रेसिंग असोसिएशन्स’ ही संघटना आपली. बहुतेकदा नावे जुळत, पण नेहमी नाही. १९५७ मध्ये दैनिकाने बोल्ड रूलरला वर्षातला सर्वोत्तम म्हटले, संघटनेने डेडिकेटला. १९६५ मध्ये एकीकडे रोमन ब्रदर, तर दुसरीकडे मॉकसिन. ही मॉकसिन दोन वर्षांची फिली, म्हणजे तरुण मादी, होती आणि त्या वर्षी आठपैकी आठ शर्यती जिंकली होती. १९७० मध्ये पुन्हा तेच: फोर्ट मार्सी आणि पर्सनॅलिटी. पुढच्या वर्षी या दोघांनी शर्यतींवर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेला सोबत घेऊन एकच मतदान सुरू केले. त्याला नाव दिले एक्लिप्स या अठराव्या शतकातल्या इंग्लिश घोड्याचे, जो १८ शर्यतींत एकदाही हरला नव्हता. पहिला मान ॲक ॲकला गेला.

तेव्हा मुळात ही निवड आहे. माणसे मत देतात, पहिल्या पसंतीची मते मोजली जातात आणि नाव जाहीर होते. म्हणून ‘पटकावला’ मला खटकते. पटकावायला समोर काहीतरी ठेवलेले असावे लागते.

गोंधळ वाढला तो १९८४ पासून. त्या वर्षी हॉलिवूड पार्कला पहिला ब्रीडर्स कप झाला. एकाच दिवशी सात मोठ्या शर्यती, वर्षाच्या शेवटाला, आणि उद्देश उघड होता: चॅम्पियन ट्रॅकवरच ठरावेत. त्याच्या अधिकृत नावातही पुढे ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ आले. म्हणजे तुमच्या लेखात चॅम्पियनशिप दोन प्रकारची येणार, एक धावून मिळवलेली आणि एक मतांनी दिलेली. दोन्हींना मराठीत एकच शब्द वापरलात तर वाचक हमखास अडखळणार. पहिल्याच वर्षी काय झाले पाहा. क्लासिक ही सर्वांत मोठी शर्यत वाइल्ड अगेनने मारली, ३१ ला १ असा भाव असताना. पण हॉर्स ऑफ द इयर ठरला जॉन हेन्री, नऊ वर्षांचा खच्ची घोडा, जो त्या दिवशी धावलाच नव्हता.

ब्रीडर्स कपच्या शर्यतींसाठी ‘अजिंक्यपद’ ठेवा, ती स्पर्धाच आहे. एक्लिप्ससाठी ‘मान’ घ्या.

तटस्थ

मुळात मतदानच का हवे? ब्रिटनमध्ये चॅम्पियन जॉकी किती शर्यती जिंकला यावर ठरतो. सर्वोत्तम वळू घोडा, म्हणजे लीडिंग सायर, त्याच्या संततीने कमावलेल्या बक्षिसांवर ठरतो. तिथे कुणाला वाद घालायला जागा नाही. घोड्यांचेही गुण मांडा, वर्षाअखेर बेरीज करा. मग ‘जिंकला’ हे क्रियापदही बिनधास्त वापरता येईल.

टापांचा_नाद

जॉकी वर्षाला शेकडो शर्यतींत बसतो, तिथे बेरजेला अर्थ आहे. वरच्या दर्जाचा घोडा वर्षात पाच-सहा वेळा धावतो, कधी त्याहून कमी. फ्लाइटलाइन २०२२ मध्ये फक्त तीनदा धावला. मेट माइल जिंकला, पॅसिफिक क्लासिक १९ लांबींहून (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराएवढे अंतर) जास्त अंतराने, ब्रीडर्स कप क्लासिक आठ लांबींहून जास्त अंतराने. गुणांच्या तक्त्यात एखादा चिवट, दहादा धावलेला घोडा त्याच्या पुढे गेला असता. पण ती क्लासिक पाहिलेल्या कुणालाही त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा कोणता, हे सांगायला तक्ता लागला नसता.

पैशांचे म्हणाल तर २०१७ घ्या. ॲरोगेटने जानेवारीत १ कोटी २० लाख डॉलरची पेगासस वर्ल्ड कप जिंकली आणि मार्चमध्ये दुबई वर्ल्ड कप. दुबईत त्याच्या मागे दुसरा आला तो गन रनर. कमाईवर ठरवायचे तर वर्षाचा निकाल मार्चमध्येच लागला होता. पण ॲरोगेट नंतर एकही शर्यत जिंकला नाही. गन रनर मात्र स्टीफन फॉस्टर, व्हिटनी, वुडवर्ड असे करत गेला आणि नोव्हेंबरमध्ये डेल मारला क्लासिक मारली. ॲरोगेट तेव्हा पार मागे होता. मान गन रनरला गेला आणि तो योग्य होता. कमाईच्या रकान्यात ॲरोगेट पुढे. समोरासमोरच्या गाठी एक-एक. वर्ष अख्खे वाचले तरच गन रनर दिसतो.

व्युत्पत्ती_आवडे

युरोपात मधला मार्ग आहे ना? कार्टिए पुरस्कारांत गुणही असतात आणि मतेही, असे वाचल्याचे आठवते.

टापांचा_नाद

हो. १९९१ पासून आहेत. ३० टक्के वजन मोठ्या शर्यतींत मिळवलेल्या गुणांना, ३५ टक्के पत्रकारांच्या मंडळाला, ३५ टक्के वाचकांच्या मतांना. मला यातली पारदर्शकता आवडते, काय किती मोजले हे आधीच माहीत असते. वाचकांच्या मतांना पत्रकारांइतके वजन देणे मात्र पटत नाही. लाडका घोडा वेगळा, त्या वर्षीचा सर्वोत्तम वेगळा.

याशिवाय जागतिक क्रमवारी आहे, तिथे हँडिकॅपर मंडळी एकत्र बसून प्रत्येक घोड्याला आकडा देतात. फ्लाइटलाइनला १४०, फ्रँकेललाही १४०. पण तो आकडा घोडा एका दिवशी किती उंच गेला ते सांगतो. वर्षभरात कितीदा तिथवर गेला, हे त्यातून कळत नाही. अक्षरओळताई, या क्रमवारीसाठी ‘मानांकन’ हा रुळलेला शब्द आहे, तो इथे अगदी नेमका बसतो.

व्युत्पत्ती_आवडे

बसतोच. ‘मान’ म्हणजे मोजमापही आणि आदरही. तापमान, परिमाण यांतला मान मोजणारा आणि मानकऱ्याचा मान आदराचा. क्रमवारीला मानांकन, एक्लिप्सला मान. दोन्ही एकाच लेखात आले तरी गल्लत होणार नाही.

अक्षरओळ

आता माझ्या लेखातला सगळ्यांत अवघड भाग: २००९ आणि २०१०. रेचल अलेक्झांड्रा आणि झेनयाटा. इथे शब्दांपेक्षा निर्णयच मला पेचात टाकतो आहे.

टापांचा_नाद

या दोन वर्षांवर मी मनापासून बोलणार आहे, लांबले तर सांभाळून घ्या.

२००९ मध्ये दोघीही अपराजित. रेचल तीन वर्षांची, आठपैकी आठ. केंटकी ओक्स २० लांबींहून जास्त अंतराने. मग प्रीकनेसमध्ये कोल्टांना, म्हणजे तरुण नरांना, हरवले. १९२४ नंतर तिथे फिली जिंकली नव्हती. हॅस्केलमध्ये पुन्हा कोल्ट मागे. शेवटी वुडवर्ड, जिथे वयाने मोठे, मुरलेले घोडे होते. ती जिंकणारी ती पहिलीच मादी. आणि तिथेच तिचे वर्ष थांबले. ब्रीडर्स कप सांता अनिताच्या कृत्रिम ट्रॅकवर होता आणि मालकाला तिला त्यावर धाववायचे नव्हते. झेनयाटा पाच वर्षांची, पाचपैकी पाच. त्यातली शेवटची क्लासिक, नरांविरुद्ध, सगळ्यांच्या मागून येऊन. क्लासिक जिंकणारी पहिली मादी.

मते पडली १३० विरुद्ध ९९, रेचलच्या बाजूने. मला हा निकाल पटतो. झेनयाटाचे वर्ष एका थोर दिवसावर उभे होते. रेचलने मे ते सप्टेंबर तीन वेगवेगळ्या रेसकोर्सवर नरांना अंगावर घेतले होते. वर्षाचा मान असेल तर वर्ष मोजले पाहिजे आणि कुणाविरुद्ध धावलात तेही.

२०१० मध्ये झेनयाटा पाच ग्रेड १, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, शर्यती जिंकली, पाचही माद्यांच्या. मग चर्चिल डाउन्सला क्लासिकमध्ये ब्लेमने तिला डोक्याएवढ्या अंतराने हरवले. तिच्या २० शर्यतींतला तो एकमेव पराभव. ब्लेमने त्याच वर्षी स्टीफन फॉस्टर आणि व्हिटनी मारली होती, दोन्ही नरांविरुद्ध, आणि तो हरला होता फक्त एकदा. मान गेला झेनयाटाला, १२८ विरुद्ध १०२. मला ती फार आवडते, शेवटच्या वळणावर तिने टाकलेली ढांग मी आजही पुन्हा पुन्हा पाहतो. पण तो मान ब्लेमचा होता. मतदारांनी तिच्या कारकिर्दीला सलाम केला आणि त्यासाठी एका वर्षाचा पुरस्कार वापरला. कारकिर्दीच्या सन्मानासाठी हॉल ऑफ फेम आहे, ती दोघींनाही मिळाली.

तटस्थ

म्हणजे ब्लेमने तिला हरवले, म्हणून ब्लेम? मग १९७८ मध्ये सिॲटल स्लूने मार्लबरो कपमध्ये अफर्म्डला हरवले होते. तरी मान अफर्म्डला. तोही चूक?

टापांचा_नाद

नाही. नुसत्या समोरासमोरच्या गाठीवर मी कधीच ठरवणार नाही. अफर्म्डने त्या वर्षी ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यतींचा मुकुट, मिळवला होता, तिन्ही वेळा अलिडार या घोड्याला मागे टाकून. पुढे जॉकी क्लब गोल्ड कपमध्ये तो मागे पडला तेव्हा त्याचे खोगीर सरकले होते. एक गाठ म्हणजे पुराव्यातला एक कागद. ब्लेमच्या बाजूने मी बोलतो ते गाठ आणि वर्ष दोन्ही त्याच्याकडे झुकतात म्हणून.

तुम्ही विचारण्याआधी २०१८ चेही सांगतो, कारण तिथे माझी मोजपट्टी मलाच कठीण जाते. जस्टिफाय सहापैकी सहा, ट्रिपल क्राउन, पण जूनमधल्या बेलमाँटनंतर धावलाच नाही. ॲक्सेलरेट वर्षभर धावला, पाच ग्रेड १, त्यात क्लासिक. वयाने मोठ्या घोड्यांशी जस्टिफायची कधी गाठच पडली नाही. मतदारांनी मोठ्या फरकाने जस्टिफायला निवडले. मी असतो तर ॲक्सेलरेटला मत दिले असते. ट्रिपल क्राउन हा स्वतःच एक मुकुट आहे, तो घातलेल्याला दुसरा आपोआप का द्यावा? २०१५ चा अमेरिकन फेरोआ तिन्ही शर्यती मारून थांबला नाही. नोव्हेंबरमध्ये मोठ्यांविरुद्ध क्लासिकही जिंकला, तेव्हा मग मतभेदाला जागाच उरली नाही.

माझे मागणे एकच आहे. मतदान राहू द्या, पण मतपत्रिकेसोबत कसोटी छापा. याच वर्षातली कामगिरी, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, वेगवेगळ्या ठिकाणी धावण्याची तयारी, आणि एकाच शर्यतीवर सगळा भार नको. आज काय तोलायचे हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे, म्हणून एका वर्षी कारकीर्द मोजली जाते, दुसऱ्या वर्षी शेवटचा दिवस. परदेशी घोड्यांचेही तसेच. २००४ मध्ये विजा बोर्ड अमेरिकेत एकदाच धावली, ब्रीडर्स कपमध्ये फिली आणि मेअर (प्रौढ मादी) यांची गवतावरची शर्यत जिंकली आणि त्या गटाचा मान घेऊन घरी गेली. तिच्या दर्जाबद्दल शंका नाही. पण तिकडे सगळे वर्ष धावलेल्या घोडीला काय मोजले गेले, हे कळायला हवे की नको?

अक्षरओळ

खूप स्पष्ट झाले. असे ठरवते आहे: ब्रीडर्स कप ‘जिंकला’, एक्लिप्सचा ‘मान मिळाला’ किंवा घोडा ‘मानकरी ठरला’, जागतिक क्रमवारीत ‘मानांकन’. आणखी एकच अडचण. ‘वर्षातला सर्वोत्तम घोडा : रेचल अलेक्झांड्रा’ हे वाचताना टोचते. ती घोडी आहे.

व्युत्पत्ती_आवडे

‘अश्व’ घेतलात तरी पुल्लिंगच राहणार आणि ‘सर्वोत्तम घोडी’ लिहिले तर वाचकाला वाटेल, तिची निवड फक्त माद्यांमधून झाली. तिथे तर नरमादी सगळे एकत्र तोललेले. लिंग टाळणारी रचना करा: ‘२००९ चा सर्वोच्च मान रेचल अलेक्झांड्राला मिळाला.’ २०२४ ची थॉर्पीडो ॲना हीसुद्धा फिलीच, तिलाही हेच वाक्य चालेल.

तटस्थ

गुणपद्धतीबद्दल माझे मत बदललेले नाही, फ्लाइटलाइनसारख्या घोड्यासाठी जिंकण्याच्या अंतरालाही गुण देता येतात. पण मतदान असेपर्यंत ‘मान मिळाला’ हेच बरोबर, ‘पटकावला’ काढून टाका.

टापांचा_नाद

अंतराला गुण दिले, तर शर्यत हातात आल्यावरही जॉकी घोड्याला चाबूक मारत राहील. ते मला नको आहे. बाकी शब्दांना माझा होकार. आणि ‘फिली’, ‘कोल्ट’, ‘मेअर’ तसेच ठेवा ताई, ट्रॅकवर सगळे तेच म्हणतात. पहिल्यांदा आले की वय सांगून टाका, म्हणजे पाच वर्षांची झाल्यावर झेनयाटा फिली नसून मेअर का, ते वाचकाला आपोआप कळेल.