अनुभव धागा : 'पेंगाब्दी सेतान' तुम्ही कुठे, कसा पाहिलात?

जोको अन्वर यांचा 'पेंगाब्दी सेतान' (२०१७) हा इंडोनेशियन सिनेमा गेल्या महिन्यात रात्री एकटीने पाहिला आणि अजून तो डोक्यातून जात नाही. 'अब्दी' म्हणजे सेवक, आपल्या ओळखीच्या 'अब्दुल'मधला, 'सेतान' कळतोच. गोष्ट १९८१ सालची. एकेकाळची गायिका तीन वर्षांहून जास्त काळ अंथरुणाला खिळलेली. नवरा, सासू, चार मुलं. गाण्यांच्या रॉयल्टीचे पैसे आटलेत, घर गहाण पडलंय, थोरल्या रीनीने कॉलेज सोडलंय. आई जाते. आणि जातच नाही.

भूत दिसायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला होता, तो त्या घरामुळे. तुमचं काय झालं ते सविस्तर लिहा. फक्त शेवट फोडू नका.

—

मी घंटेबद्दल लिहिते. त्या आईला हाक मारता येत नाही, म्हणून तिच्याजवळ एक छोटी घंटा असते. ती वाजली की पोरांनी धावायचं.

आमच्याकडे घंटा नव्हती, स्टीलचा पेला आणि चमचा होता. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने त्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. पाणी हवं असलं की दोन टोले. कूस बदलायची असली की वाजवतच राहायच्या. दोन वर्षं चार महिने. पेल्याच्या काठाला एका जागी बारीक बारीक पोचे आले होते.

एका रात्री चमचा वाजला, मी जागी होते आणि उठले नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघत दहा मिनिटं पांघरुणात पडून राहिले. मग गेले, तर अंथरूण ओलं झालेलं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, हे जास्त लागलं.

त्या गेल्यावर तेराव्याच्या गडबडीत कुणाचा तरी चमचा पेल्याला लागला. मी कणकेचे हात तसेच घेऊन खोलीकडे धावले. खोलीत गुंडाळलेली गादी. सिनेमात आई गेल्यावर घंटा वाजते तेव्हा शेजारी बसलेला माझा मुलगा दचकला. मला रडू फुटलं.

—

आम्ही तेव्हा जकार्तात होतो. मूळचे साताऱ्याचे, नवऱ्याची नोकरी तिथे. सिनेमा सप्टेंबर २०१७च्या शेवटी लागला आणि पुढे ४२ लाखांवर लोकांनी पाहिला. आमच्या खेळाला आख्खी कुटुंबं आली होती, आज्यांसकट. माझ्या शेजारच्या इबू (तिकडे वयाने मोठ्या बाईला अशीच हाक मारतात) याच नावाचा जुना सिनेमा तरुणपणी पाहून आलेल्या. नवा त्याच्यावरच बेतलेला आहे.

पांढऱ्या कफनात बांधलेलं भूत दिसलं तेव्हा मी नुसती दचकले, इबूंनी मात्र माझं मनगट घट्ट धरलं. नंतर त्यांनी समजावलं : त्याला 'पोचोंग' म्हणतात. दफन करताना कफनाच्या गाठी सोडायच्या असतात. राहून गेल्या तर मेलेला माणूस त्या सोडवून घ्यायला परत येतो. जावा बेटावर माणूस गेल्यावर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी शेजारी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. हजारावा दिवस! आपण तेराव्यानंतर वर्षश्राद्धाला भेटतो. हे कळल्यावर सिनेमा पुन्हा पाहिला. आई पुरल्यानंतर बाप पैशांच्या मागे शहरात निघून जातो, मुलं एकटी राहतात, आणि हे किती भयंकर आहे ते दुसऱ्यांदा समजलं.

सिनेमातलं घर बांडुंग शहराच्या दक्षिणेला पांगालेंगानमध्ये, चहामळ्यांच्या भागात आहे. आम्ही लांबून पाहिलं. आत जायचं धाडस झालं नाही.

—

घरातली विहीर. एवढंच. आजोळी आमच्या न्हाणीघरालगत अशीच विहीर होती. तो भाग मी सरळ पुढे ढकलला.

—

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझं लक्ष धाकट्या इयानवर. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि घरातली भावंडं त्याच्याशी हातांनी बोलतात, सहज, भांडताना आणि चिडवतानासुद्धा. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत खुणा एकट्या आईला येतात. आई आजारी पडली तर त्या मुलाचं घरातलं बोलणंच बंद होतं. असं एक मूल मी पाहिलंय, आठवडाभर वर्गात खिडकीपाशी बसून होतं. म्हणून या घरात सगळ्यांचे हात हलताना बघून फार बरं वाटलं, आणि त्याच्यासाठी भीतीही जास्त वाटली, कारण पाठीमागे काय वाजतंय ते त्याला कळणारच नाही. इयानचं काम करणाऱ्या मुहम्मद अधियातला त्या वर्षी बालकलाकाराचा चित्रा पुरस्कार (इंडोनेशियातला सिनेमाचा मोठा पुरस्कार) मिळाला. आईचं काम केलेल्या आयू लक्ष्मी स्वतः बालीच्या गायिका होत्या. सिनेमात आईचं जुनं गाणं म्हणून वाजणारं 'केलम मालम' मी आता दिवसाउजेडीच ऐकते.

—

पेला-चमच्याचं लिहिणाऱ्या ताई, मीही एका रात्री उठलो नव्हतो. आमच्या बाबांकडे काठी होती, ती ते पलंगाच्या दांडीवर आपटायचे. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सिनेमा अजून पाहिला नाही. काठी दाराआड आहे.