जोसेफ ऑगस्ट: वेस्टर्नचा खरा कर्ता की नुसता पगारी कॅमेरामन?

मुक्कामपोस्ट:
नट विल्यम हार्टचे जुने काउबॉय मूकपट पाहताना राहून राहून वाटतं, की आपण कौतुक भलत्याच माणसाचं करतो. हार्ट सगळ्यांना ठाऊक. त्याला टिपणारा जोसेफ ऑगस्ट कुणाच्या खिजगणतीत नाही. कोलोरॅडोत जन्मलेला हा माणूस निर्माता टॉमस इन्सच्या कंपनीत शिरला आणि 'हेल्स हिंजेस' (१९१६), 'टम्बलवीड्स' (१९२५) असे हार्टचे कितीतरी चित्रपट त्याने टिपले. 'हेल्स हिंजेस'मध्ये शेवटी अख्खं गाव पेटतं. त्या आगीधुरापुढे हार्ट कसा उभा केलाय पाहा! ही चौकट हार्टला सुचलेली नाही, पैज लावतो. वेस्टर्नला, म्हणजे या काउबॉयपटांना, रूप दिलं कॅमेरावाल्यांनी, नट-दिग्दर्शक नंतर.

शंकासूर:
पैज हरलात. हार्ट स्वतः दिग्दर्शन करायचा आणि खरेपणाबाबत महाहट्टी. मळके कपडे, ओबडधोबड गावं हा त्याचा आग्रह. इन्सकडे तर शूटिंगआधीच पटकथा बारीकसारीक तपशिलांसह तयार असे. मग ऑगस्टचं उरलं काय? कॅलिफोर्नियाचं ऊन. तेही फुकटचं.

रीळवाला:
ऊन फुकट, पण फिल्म? तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी. निळं आभाळ पांढरंफटक, रापलेला चेहरा काळाठिक्कर. त्यात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. हात जरा जलद पडला की पडद्यावर घोडे रेंगाळलेच. 'टम्बलवीड्स'मध्ये १८९३ची, सरकारने खुल्या केलेल्या जमिनीसाठीची धावाधाव आहे, घोडे-गाड्या सुसाट सुटतात. धूळ किती उडेल, हेही पटकथेत लिहायचे का?

शंकासूर:
कारागीर पक्का, मान्य. पण हे तेव्हाचा प्रत्येक कॅमेरामन करत होता. ऑगस्टची स्वतःची सही दिसते ती 'द इन्फॉर्मर'च्या (१९३५) धुक्यात. म्हणजे दिग्दर्शक जॉन फोर्डच्या हाताखाली, आणि तो वेस्टर्न नव्हेच.

रीळवाला:
'प्रत्येक' कसा? १९१९ला अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्स ही कॅमेरामनांची संस्था काढणाऱ्या १५ जणांत हा होता.

मुक्कामपोस्ट:
आणि १९१६ला फोर्ड दिग्दर्शकसुद्धा झाला नव्हता! धुरातला माणूस आणि धुक्यातला माणूस, दोन्ही टिपणारा एकच.

गिरगावकर:
'गंगा दीन' (१९३९) विसरलात की काय सगळे? तोही ऑगस्टचाच. त्यातला वायव्य सरहद्दीचा मुलूख म्हणजे कॅलिफोर्नियातलं लोन पाइन, जिथे काउबॉयपटांचा राबता असायचा. खडक तेच, फक्त हॅटच्या जागी पगड्या. आपल्या लोकांना त्यात असं रंगवलंय की मुंबई आणि बंगालमध्ये बंदी आली. रास्तच होती. कॅमेरामन जर कर्ता, तर याचंही माप त्याच्या पदरात घाला.

मुक्कामपोस्ट:
ते कसं? कथा किपलिंगच्या कवितेवरून उचललेली, दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. खलनायक कोण, हे कॅमेरामन थोडाच ठरवतो?

शंकासूर:
अरे वा! हार्टच्या वेळी दिग्दर्शक 'नंतर' होता, इथे बरा पहिला आला.