फायनल एमबीबीएससाठी रिव्हिजन कोर्स कुठला घ्यावा?

सातरस्ता_चहा: फायनल पार्ट टू आलीय तोंडावर. मेडिसिन, सर्जरी, गायनॅकचे दोन-दोन पेपर आणि पेडियाट्रिक्सचा एक. रूममेट म्हणतो ऑनलाइन कोर्स घे, घरचे म्हणतात पुण्याला क्लासला जा. पैसे एकदाच आहेत बे, काय करू?

सिव्हिलवाला: पुण्याला जाऊ नको, वॉर्ड इथंच आहे की. मी मागच्या वर्षी एक महागडा कोर्स घेतला होता, तो सगळा पीजी एन्ट्रन्सचा निघाला, नुसते एमसीक्यू, आणि आपल्याला तर पानंच्या पानं लिहायची असतात, म्हणून शेवटी मागचे पेपर काढून घड्याळ लावून लिहीत बसलो. घ्यायच्या आधी डेमो बघ, लाँग केस, म्हणजे एका पेशंटची पूर्ण हिस्ट्री घेऊन, तपासून परीक्षकाला सांगायची ती, शिकवतात का ते बघ.

गड्डा_फॅन: मी तर प्रॅक्टिकललाच अडकलो होतो. स्प्लीन, म्हणजे प्लीहा, हातानं बघायला सांगितली, मी थेट डाव्या बरगडीखाली हात घातला. सर काही बोलले नाहीत, फक्त बघत राहिले. अरे उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं असतं, पेशंटच्या श्वासाबरोबर हात वर डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायचा, नाहीतर मोठी झालेली स्प्लीन सुटूनच जाते. मला हे माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. व्हिडिओ बघून येत नाही ते. दोघंतिघं मिळून संध्याकाळी वॉर्डात जावा, एकानं परीक्षक व्हायचं.

सातरस्ता_चहा: बरं, मग महिनाभराचाच घेतो, थिअरीपुरता. वॉर्डात कोण येणार सोबत?

सिव्हिलवाला: उद्या सहाला ये. चहा तुझा.