मदत हवी आहे: फराळाच्या स्टॉलचे पैसे, कॅन्सर पेशंट आणि माझं सेव्हिंग अकाउंट

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीतल्या एकाच सोसायटीतल्या सात बायका. तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीची ट्रीटमेंट टाटा कॅन्सर हॉस्पिटलला चालू होती, तेव्हा परळला सारख्या खेपा व्हायच्या आणि फुटपाथवर चटया टाकून राहिलेले पेशंट बघून घरी आल्यावर घास उतरायचा नाही. बिहार, बंगाल, आपले बीड-नांदेडकडचेही. औषधाला महात्मा फुले योजना वगैरे असते हो, पण पंधरा दिवसांनी परत बोलावलंय तर मधे राहायचं कुठे नि खायचं काय? म्हणून दिवाळीत फराळाचा स्टॉल सुरू केला, चकली, कडबोळी, अनारसे, आणि नफा सगळा पेशंटसाठी. पहिल्या वर्षी १८ हजार सुटले, मग ४१ हजार, आणि यंदा कोणीतरी मेसेज फॉरवर्ड केला तर देणग्या धरून १ लाख ८६ हजार!

घोळ असा की हे सगळे माझ्या सेव्हिंग अकाउंटला आलेत. स्टॉलवर क्यूआर कोड माझाच होता ना. त्याच खात्यातून बेसन, तेल, लेकीच्या क्लासची फी आणि गॅसचं बिलही गेलंय. वहीत पै न पै लिहिलेली आहे, पण वही ती वही. परवा नवरा सहज म्हणाला, हे तुझं उत्पन्न धरलं तर टॅक्स कोण भरणार, तेव्हापासून झोप उडालीय. त्यात बी विंगच्या काकूंना ८०जीची (देणगीवर इन्कम टॅक्सची सूट मिळते ती) पावती हवीय, एकीच्या अमेरिकेतल्या भाच्याला पाचशे डॉलर पाठवायचेत, आणि २५ हजार देणाऱ्या काकांचं म्हणणं की माझे पैसे संशोधनालाच गेले पाहिजेत, जेवणावळीला नकोत. ट्रस्ट काढावा का? जाणकारांनी प्लीज सांगा.

आकडेमोड (प्रतिसाद): ताई, आधी तो क्यूआर कोड काढा. दोघीतिघींच्या नावाने वेगळं जॉइंट खातं उघडा, शिल्लक एकरकमी तिकडे वळवा आणि वहीतली प्रत्येक नोंद बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून सगळ्या जणी सह्या करा. ट्रस्ट काढायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग इन्कम टॅक्सची १२एबी (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी नोंदणी, तीही सुरुवातीला तीन वर्षांसाठी तात्पुरती. दरवर्षी ऑडिट. एखादी ट्रस्टी मुलाकडे पुण्याला राहायला गेली, राजीनामा दिला, की ९० दिवसांत आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. वर्षातून पंधरा दिवस चकल्या तळणाऱ्या सात जणींनी एवढा व्याप करू नये असं माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा ८०जी असलेली एखादी जुनी संस्था गाठा आणि देणगीदारांना थेट तिच्या खात्यात भरायला सांगा. नोंदणी न करता स्वतःच वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळं घेतात ती सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी बघा.

आणि काकूंना विचारा, त्या जुन्या टॅक्स रेजिममधे आहेत का? नव्यात ८०जीची सूट मिळतच नाही. शिवाय दोन हजारांच्या वर रोख दिले असतील तर जुन्यातही नाही.

भोचक_भवानी: भाच्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर हरकत नाही. अमेरिकन झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगी, एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नसेल तर घेऊच नका. तुमच्या सेव्हिंग अकाउंटला तर मुळीच नको गं बाई. (अनारसे यंदा उरलेत का?)

परळचा_पिंपळ: मी सहा वर्षं शनिवारी परळला जातो म्हणून विचारतो, जेवण देता म्हणजे नक्की काय देता?

मी (धागाकर्ती): @भवानी, अनारसे पहिल्याच दिवशी संपले. @पिंपळ, पहिल्या दिवाळीला फराळाची पाकिटं घेऊन दादरच्या एका धर्मशाळेत गेलो होतो. एका दादांच्या हातात पाकीट दिलं. त्यांच्या नाकात नळी होती, जबड्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी हसून मान हलवली, पाकीट बायकोच्या पदरात टाकलं आणि परत हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा गाळलेलं वरण नि पेज करून नेतो.

परळचा_पिंपळ: भावना कळते, पण ते डोंबिवलीहून आणू नका. केमोवाल्यांचे काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) खाली असतात, लोकलमधून आलेली पेज बाधली तर जिवावर बेतेल. आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन काय हवंय ते विचारा. कोणाला खोलीचं भाडं हवं असतं, कोणाला प्लेटलेट देणारा माणूस. गावाकडून येणाऱ्यांना हेही सांगत चला की उपचारासाठीच्या प्रवासाला कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं रेल्वे तिकीट फुकट आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. दाखला हॉस्पिटलमधून मिळतो. कित्येकांना हे माहीतच नसतं, उसने पैसे काढून तिकीट काढतात.

आणि त्या काकांना हसू नका. टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला, त्याचा निकाल २०१३ साली आला. दहावी पास मुलींना शिकवून नुसत्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी करायची, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. संशोधन म्हणजे कोट्यवधीचं मशीनच असं नाही. त्यांचे २५ हजार परत करा आणि थेट हॉस्पिटलकडे संशोधनासाठी म्हणून भरायला सांगा. ज्या कामाला दिले तिथेच लागले पाहिजेत.

मी (धागाकर्ती): सगळ्यांचे मनापासून आभार. काल मिटिंग घेतली (भांडण झालं थोडं, दोघी ट्रस्टवर अडून होत्या, लेटरहेडचं डिझाइनसुद्धा तयार होतं). ट्रस्ट कॅन्सल. काकांचे पैसे परत केले, भाच्याला नाही म्हणून कळवलं. सोमवारी बँकेत जातोय, आणि त्याच आठवड्यात दोघी परळला समाजसेवा विभागात.

पेज बंद केली. पण धर्मशाळेच्या मॅनेजरांना फोन केला तर ते म्हणाले, नळीवाल्यांचं जेवण तिथेच ताजं करतात, फक्त चोवीस खोल्यांत मिळून एकच मिक्सर आहे आणि सकाळी त्याला रांग लागते. तर आता शेवटचं विचारते, वरण-भात अगदी पातळ, गुठळी न राहता वाटायला घरगुती ७५० वॉटचे तीन घ्यावेत की हॉटेलवाले वापरतात तसा एकच मोठा? कोणी वापरलाय का?