मदत हवी आहे: लिमिटेड एडिशन टर्नटेबल सवलतीत, घ्यावा का?

मंडळी, बेल्ट ड्राइव्हचा (मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते असा) एक भारी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, ४० टक्के सवलतीत मिळतोय. शोरूमचा डेमो पीस आहे. साध्या आवृत्तीपेक्षा वेगळं म्हणजे अक्रोडाची चौकट आणि क्रमांकाची पट्टी. बेअरिंग, टोनआर्म (सुई धरणारा दांडा), मोटर तीच. दिसण्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

खरी धास्ती मोटरची आहे. ती एसी सिंक्रोनस, म्हणजे वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवेल, पण आपले ५० हर्ट्झ तसेच राहतील. मिनिटाला ३३⅓ ऐवजी तबकडी २७.८ फेऱ्यांनी फिरेल, काळी एकचा षड्ज खालच्या काळी पाचवर जाईल! मोटरला ५० हर्ट्झची मोठी पुली (पट्ट्याची चकती) वेगळी मिळते का? की ६० हर्ट्झ देणारा स्वतंत्र पॉवर सप्लायच लागेल?

सोबतचं एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, फक्त ०.४ मिलिव्होल्ट देतं. त्याला सुमारे ६० डेसिबलचा फोनो प्री (सिग्नल वाढवणारा प्रीअँप) लागेल, तो खर्च वेगळा. डेमोत सुई किती तास चालली, हेही दुकानदार सांगत नाही. सुई भिंगाखाली कशी तपासायची? आणि हो, नाट्यसंगीताच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या यावर चालणार नाहीत, वेग दोनच आहेत.

शेजारी यंत्रमाग आहेत, जमीन दिवसभर थरथरते. स्प्रिंगच्या सस्पेन्शनपेक्षा भिंतीवरची फळी बरी का? सोलापुरात असा सेटअप लावून देणारं कुणी असेल तर जरूर कळवा.