ऑनलाइन प्रतिस्पर्ध्याशी खेळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळाचा पट: ज्येष्ठ खेळाडूला कोणता सोयीचा?

नौपाडेकर (ठाणे) यांचा प्रश्न

माझे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत आणि आयुष्यभर लाकडी पटावरच बुद्धिबळ खेळत आले आहेत. त्यांचे खेळातले नेहमीचे जोडीदार मुलाकडे खारघरला राहायला गेल्यापासून त्यांचा खेळ जवळजवळ थांबला आहे. मोबाइलवर त्यांना खेळता येते, परंतु पडद्यावर पाहिलेली स्थिती डोक्यात नीट बसत नाही आणि बोट चुकून भलत्याच घरावर पडते, अशी त्यांची तक्रार असते. खऱ्या सोंगट्या हलवून ऑनलाइन प्रतिस्पर्ध्याशी खेळता येईल असे इलेक्ट्रॉनिक पट मिळतात, हे ठाऊक आहे. ज्यांनी ते प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया सांगावे की अशा पटावर डाव खरोखर सुरळीत चालतो का, आणि खरेदीपूर्वी नेमके काय तपासावे.

नेरूळचा खेळाडू

डाव सुरळीत चालतो, मात्र तो कोणत्या वेळेच्या मर्यादेत खेळायचा हे आधी ठरवावे आणि पट त्यानंतर निवडावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लोक पटाचे छायाचित्र पाहून खरेदी करतात आणि मग तीन मिनिटांचे डाव खेळायला बसतात. तिथे निराशा ठरलेलीच असते.

त्यामागचे कारण असे. प्रतिस्पर्ध्याची चाल आली की पटावरील दोन घरांचे दिवे लागतात आणि ती सोंगटी तुम्हालाच उचलून ठेवावी लागते. त्या क्षणी घड्याळ तुमचे चालू असते. मारामारी असेल तर मेलेली सोंगटी आधी बाजूला काढायची, मग दुसरी ठेवायची, आणि त्यानंतर स्वतःच्या चालीचा विचार करायचा. एका चालीमागे 3 सेकंदे जरी धरली तरी 40 चालींच्या डावात पूर्ण 2 मिनिटे केवळ दुसऱ्याच्या सोंगट्या हलवण्यात जातात. म्हणून दर चालीला वाढीव सेकंदे मिळणारे डावच निवडावेत. 10 मिनिटे अधिक 5 सेकंदे हे किमान समजावे. वडिलांसाठी 15 मिनिटे अधिक 10 सेकंदे अधिक आरामाचे होईल.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने बाहेरील पटांसाठी जी जोडणी उपलब्ध करून दिली आहे, तिचा नियमही याच दिशेचा आहे. अनोळखी प्रतिस्पर्धी शोधताना तिथे रॅपिड (मध्यम वेळेचे), क्लासिकल (लांब वेळेचे) आणि पत्रव्यवहार पद्धतीचेच (एका चालीला दिवस देणारे) डाव मिळतात. ब्लिट्झ, म्हणजे अगदी झटपट डाव खेळायचा असेल तर ओळखीच्या व्यक्तीला थेट आव्हान द्यावे लागते किंवा संगणकाशी खेळावे लागते. वर्गवारीसाठी सुरुवातीच्या वेळेत वाढीव सेकंदांची 40 पट मिळवतात आणि बेरीज 8 मिनिटांची किंवा त्याहून अधिक असेल तर तो डाव रॅपिड ठरतो. त्यामुळे 5 अधिक 3 हा डाव ब्लिट्झमध्ये जातो, तर 5 अधिक 5 रॅपिडमध्ये बसतो. पट जोडल्यावर ‘डावच सापडत नाही’ असे वाटले तर आधी ही बेरीज करून पाहावी.

आता पटाच्या आतल्या रचनेविषयी. डीजीटी या डच कंपनीचे जे पट मोठ्या स्पर्धांमध्ये थेट प्रक्षेपणासाठी वापरतात, त्यांच्या प्रत्येक सोंगटीच्या तळाशी एक वेटोळे असते; प्रत्येक प्रकारच्या वेटोळ्याची वारंवारिता वेगळी असल्यामुळे पटाला वजीर कोणता आणि उंट कोणता हे कळते. चेसनट एअरसारख्या घरगुती पटातही सोंगट्यांची अशी ओळख आहे. याउलट डीजीटीच्याच पेगासस पटाला घर भरलेले आहे की रिकामे, एवढेच समजते. कोणती सोंगटी कुठे आहे हे पटाला जोडलेले फोनवरील ॲप सुरुवातीच्या मांडणीपासून चाली मोजत ठरवते. असा पट कुचकामी मुळीच नाही, पण कोपर लागून चार सोंगट्या पडल्या तर त्या कुठे होत्या ते पडद्यावर पाहून अचूक परत मांडाव्या लागतात, आणि प्यादे आठव्या ओळीत पोहोचल्यावर वजिराऐवजी घोडा हवा असेल तर ते ॲपमध्येच सांगावे लागते. वयस्कर खेळाडूसाठी मी सोंगट्या ओळखणाराच पट सुचवीन.

वाशीकर

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त सोंगट्या ओळखण्याइतकेच महत्त्व मी घरांच्या आकाराला देईन. स्पर्धेच्या पटावर एका घराची बाजू 5 ते 6 सेंटिमीटर आणि राजाची उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असते. घरगुती इलेक्ट्रॉनिक पट बहुधा त्याहून लहान असतात. ज्यांचा हात आयुष्यभर मोठ्या पटावर फिरला आहे त्यांना ते अंतर जाणवते, म्हणून शक्य असल्यास वडिलांना पट हाताळू देऊनच तो घ्यावा.

डीजीटीचा पूर्ण आकाराचा यूएसबी पट संगणकाला जोडूनही लिचेसवर खेळता येते. त्यासाठी संगणकावर लाइव्हचेस हे सॉफ्टवेअर चालू ठेवावे लागते. त्या पटावर दिवे नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याची चाल आवाजात ऐकवण्याची सोय लिचेसच्या डीजीटीसाठीच्या पानावर आहे. नजर कमजोर असलेल्या खेळाडूला चाल कानावर पडणे हे दिवा शोधण्यापेक्षा कितीतरी सुखाचे असते. किंमत मात्र घरगुती पटांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क व कर वेगळे भरावे लागतात. विक्रेत्याकडून ही पूर्ण रक्कम आधी लेखी घ्यावी.

नौपाडेकर

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना अनोळखी लोकांपेक्षा खारघरच्या काकांशीच, म्हणजे त्या जुन्या जोडीदाराशीच, खेळायची ओढ अधिक आहे. अशा वेळी दोन्ही घरी पट घ्यावा लागेल का? आणि स्वतःहून सोंगट्या हलवणारा पट घेतला तर प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीचा प्रश्नच मिटेल का?

नेरूळचा खेळाडू

दुसऱ्या पटाची गरज नाही. सर्व्हरला चाल कुठून आली याने फरक पडत नाही. काका मोबाइलवर खेळतील आणि तुमचे वडील पटावर. दोघांची खाती उघडून थेट आव्हान पाठवावे.

सोंगट्या आपोआप हलवणाऱ्या पटांमध्ये मुंबईच्याच स्क्वेअर ऑफ या कंपनीचे नाव पुष्कळांना आठवेल. 2016 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून लोकांपुढे आलेल्या त्या पटाखाली फिरणारा चुंबक सोंगटीला ओढत नेतो. पाहताना मन भरून येते, यात शंका नाही. परंतु घोड्याला इतरांच्या मधून वाट काढत न्यावे लागते आणि त्यात वेळ जातो. शिवाय जितके हलते भाग अधिक तितकी दुरुस्तीची शक्यता अधिक, आणि जो पट फक्त कंपनीच्याच ॲपवर चालतो त्याचे आयुष्य त्या ॲपच्या आयुष्याएवढेच असते. कोणताही पट घेताना तो अन्य सॉफ्टवेअरशी जोडता येतो का, हा प्रश्न मी किमतीच्याही आधी विचारीन.

घोडबंदर रोडवासी

घरी रोजच्या वापरात येणाऱ्या काही गोष्टी सांगतो. सोंगटी घासत न नेता पूर्ण उचलून ठेवण्याची सवय लावावी, नाहीतर मधल्याच घरावर चाल नोंदली जाते. किल्लेकोट करताना आधी राजा दोन घरे सरकवावा आणि मग हत्ती; फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांतही हाच क्रम आहे, आणि आधी हत्ती उचलल्यास पट ती हत्तीची चाल समजू शकतो. फोनमधील बॅटरी बचतीच्या यादीतून पटाचे ॲप वगळावे, कारण पडदा बंद झाल्यावर फोन त्याला झोपवतो आणि ब्लूटूथ तुटते. अँड्रॉइडच्या 6 ते 11 या आवृत्त्यांमध्ये ब्लूटूथवरून पट शोधण्यासाठी स्थानाची परवानगी लागते. ती नाकारली की पट दिसतच नाही आणि माणूस विनाकारण पटाला दोष देतो. ब्राउझरमधून जोडायचे असल्यास संगणकावर किंवा अँड्रॉइडवर क्रोम वापरावे. आयफोनवरील सफारीत ही सोय नाही.

काही पट सरावाच्या वेळी दिव्यांनी उत्तम चाल सुचवतात. ऑनलाइन डावात ही सुविधा बंद असल्याची खात्री करावी, कारण इंजिनची, म्हणजे चाली शोधणाऱ्या संगणक प्रोग्रामची मदत घेतल्यास खाते बंद होऊ शकते, आणि तुमच्या वडिलांच्या पिढीतल्या माणसाला असा ठपका फार लागेल.

काकांसोबतचे आव्हान ‘कॅज्युअल’ प्रकारात पाठवावे, म्हणजे दोघांच्याही मानांकनाला धक्का लागणार नाही. वेळ 30 मिनिटे अधिक 20 सेकंदे ठेवून पाहावी. तीही कमी वाटली तर एका चालीला एक किंवा अधिक दिवस देणारा पत्रव्यवहार डाव लावावा.